लग्नाची सीडी, दोन वेग आणि थरथरणारे आबाजी

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना आकडे आणि बटणांची नावं निसटतात, म्हणून बोललेलंच थोडं आवरून इथे दिलंय. कंसातल्या वेळेवरून तो तुकडा थेट ऐकता येईल.)

(००:००) सुरुवात

घरच्या कपाटात एखादी जुनी लग्नाची डीव्हीडी पडलेली असेल, तर हा भाग संपल्यावर आधी ती शोधा. का, ते सांगतो.

आमचं घर भातकुलीचं. २००७ साली आत्याचं लग्न झालं. अमरावतीहून कॅमेरावाले आले होते, त्यांनी तीन तासांची डीव्हीडी करून दिली. आमच्याकडे तिला अजूनही ‘लग्नाची सीडी’च म्हणतात. त्याच लग्नाला मोठे बाबा अमेरिकेहून आले होते. त्यांच्याकडे छोट्या डिस्कवर थेट रेकॉर्ड करणारा हँडीकॅम होता. बशीएवढी पण नाही, आठ सेंटीमीटरची डिस्क. जाताना ते ती आजीजवळ ठेवून गेले.

मोठ्या डीव्हीडीत आबाजी फक्त स्टेजजवळ ताठ उभे आहेत, फोटोत उभं राहावं तसे. छोट्या डिस्कवर मात्र ते अंगणात खाटेवर बसून स्वतःच्या हातानं फेटा बांधताहेत, मांडववाल्याला आवाज देताहेत, हसताहेत. आबाजी २०११ मध्ये गेले. हसणारे आबाजी आमच्याकडे तेवढेच आहेत.

मागच्या वर्षी दादानं दोन्ही डिस्क शहरातल्या एका दुकानात दिल्या. म्हणाला, सगळं एकत्र करून पेन ड्राइव्हवर टाकून द्या. टीव्हीला लावलं. लग्न बरं दिसलं. आबाजी आले आणि आजी थांबली. म्हणाली, “तुहे आबाजी असे कावून थरथरून रायले रे? त्या दिवशी तं त्यायले ताप बी नोता.”

खरंच थरथरत होते. हात फिरला की त्याला झालरी फुटायच्या. बोलणं ओठांच्या मागे पडत होतं. दुकानदारानं मुद्दाम काही बिघडवलं नव्हतं. दोन वेगवेगळ्या वेगांच्या चित्रांना त्यानं एकाच साच्यात दाबलं होतं, एवढंच. आज हे दोन वेग काय आहेत, आणि त्यांना न दुखवता फाइल कशी करायची, ते बघू.

(०३:१०) पंचवीस आणि तीस कुठून आले

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेले फोटो. एका सेकंदात किती फोटो, तो फ्रेम रेट.

आपल्या टीव्हीचा वेग सेकंदाला २५. या पद्धतीला पाल म्हणतात. अमेरिका आणि जपानमध्ये एनटीएससी, तिचा वेग साधारण ३०. हा फरक विजेवरून पडला. आपल्या घरातला पंखा ज्या लाइनीवर फिरतो ती ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६० हर्ट्झची. सुरुवातीच्या टीव्हीचा वेग विजेच्या ठेक्याशी जुळवला, म्हणून एकीकडे ५० चा अर्धा २५, दुसरीकडे ६० चा अर्धा ३०. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा आपण पाल घेतलं.

अमेरिकेच्या ३० मध्ये एक खोच आहे. तिथे १९५३ मध्ये रंगीत टीव्ही ठरला तेव्हा रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलशी भांडू नये म्हणून वेग हजारात एक भागानं कमी केला. म्हणून खरा आकडा २९.९७. एवढ्याशा फरकानं काय होतं? २९.९७ ला ३० समजून फाइल केली आणि आवाज तसाच ठेवला, तर तासाभरात चित्र आणि आवाज यांत ३.६ सेकंदांचं अंतर पडतं. अर्ध्या तासात १.८ सेकंद. आमच्या आबाजींचे शब्द ओठांच्या मागे पडत होते, त्याचं एक कारण हेच.

हे ओळखायची सोपी खूण लक्षात ठेवा. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल, तर तो नुसता उशीर आहे. प्लेअरमध्ये सरकवून जुळतो. पण सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे मागे पडत जात असेल, तर फ्रेम रेट चुकलाय. तो सरकवून जुळत नाही.

(०६:००) एका फ्रेमचे दोन अर्धे

आता थरथरीकडे येऊ. जुने कॅमेरे पूर्ण चित्र एकदम घेत नव्हते. आधी एक सोडून एक अशा रेषा घ्यायचे, मग उरलेल्या. पालच्या डीव्हीडीत ५७६ रेषा असतात, म्हणजे २८८ आणि २८८ असे दोन अर्धे. एनटीएससीत ४८०, म्हणजे २४० आणि २४०. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात आणि या पद्धतीला इंटरलेसिंग.

मुद्दा असा की हे दोन अर्धे एका क्षणाचे नसतात. पालमध्ये त्यांच्यात एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. तेवढ्यात आबाजींचा हात थोडा पुढे गेलेला असतो. जुना डबा टीव्ही हे अर्धे एकामागून एक दाखवायचा, म्हणून नीट दिसायचं. फोनची स्क्रीन पूर्ण चित्र एकदम दाखवते. दोन्ही अर्धे एकत्र ठेवले की हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात.

आमच्या दुकानदाराच्या फाइलमध्ये काय झालं असेल? अमेरिकेची ४८० रेषांची चित्रं आपल्या ५७६ मध्ये बसवायला ताणली. अर्धे वेगळे न करताच ताणल्यामुळे एका क्षणाच्या रेषा दुसऱ्या क्षणात मिसळल्या. वर सेकंदाला ३० चे २५ करायचे म्हणून पाच फ्रेम फेकल्या. रेषा मिसळल्या, फ्रेम गळल्या. आबाजी थरथरणार नाहीत तर काय!

यात वाईट गोष्ट अशी की हे एकदा फाइलमध्ये भाजलं गेलं की परत नीट होत नाही. फेकलेली फ्रेम कुठल्याच ॲपला सापडत नाही. उपाय एकच, मूळ डिस्ककडे परत जायचं.

(०८:४०) सिनेमाचा तिसरा वेग

लग्नाच्या डिस्कमध्ये दोन वेग. सिनेमाची डीव्हीडी असेल तर तिसरा येतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो.

पाल डीव्हीडीवर २४ चे २५ करायची सोपी युक्ती म्हणजे सिनेमा थोडा जोरात पळवायचा, सुमारे चार टक्के. दोन तासांचा सिनेमा पावणेपाच मिनिटं आधी संपतो. आवाजही वर चढतो. पेटीवरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या पाऊण हिश्श्याहून किंचित कमी. आवाज वेगळा सावरून घेतला नसेल, तर गाणारा मित्र म्हणतो, हे गाणं वर का वाटतंय? त्याचा कान बरोबर असतो.

एनटीएससीत २४ चे ३० करायला पळवणं परवडत नाही, फारच जोरात होईल. म्हणून तिथे एक फ्रेम दोन अर्ध्यांत, पुढची तीन अर्ध्यांत, परत दोन, परत तीन अशी वाटतात. चार फ्रेमच्या जागी पाच होतात. याला टेलिसिने म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी परदेशातही चालाव्यात म्हणून एनटीएससीत निघाल्या, त्यामुळे हे प्रकरण आपल्या कपाटातही आहे.

खरी गंमत पुढे. अशा डिस्कवर सिनेमा मूळ २४ चा असतो, पण शूटिंगच्या गमतीजमतीचा भाग व्हिडिओ कॅमेऱ्यानं घेतलेला, म्हणून ३० चा. कधी एकाच सिनेमात मध्येच संगणकावर केलेली पाटी ३० ची असते. डिस्कवर आकडा एकच दिसतो, २९.९७. आतमध्ये वेग बदलत राहतात. मिक्स्ड फ्रेम रेट म्हणतात ते हेच. डिस्क काय आकडा सांगते त्यावर जाऊ नका. तो तुकडा मुळात कोणत्या वेगानं टिपला गेला, ते बघा.

(११:३०) वेग चुकला की माणूस बदलतो

हा प्रश्न डीव्हीडीच्याही फार आधीचा आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. मूकपट होता, लांबी सुमारे ३७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे जवळपास ५९,२०० फ्रेम झाल्या. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे. सेकंदाला १६ चा वेग धरला तर सिनेमा तासाभराहून थोडा जास्त चालतो. तीच फिल्म २४ नं पळवली तर ४१ मिनिटांत संपते.

फिल्म तीच, पण राजा हरिश्चंद्र दुडूदुडू पळताना दिसतो आणि आपण हसतो. पुढे बोलपट आला, आवाज फिल्मवरच छापला जाऊ लागला, आणि मग वेग पक्का बांधावा लागला, कारण वेग हलला की आवाज हलतो. पहिला मराठी बोलपट, प्रभातचा १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, हरिश्चंद्राचीच गोष्ट आहे. एकोणीस वर्षांत तीच गोष्ट हातानं फिरवलेल्या वेगावरून बांधलेल्या वेगावर आली. मूकपटातली माणसं अशी धावरी नव्हती, आपण ती चुकीच्या वेगानं पाहिली. घरच्या डिस्कमधल्या माणसांवर ही वेळ आणू नका.

(१३:२०) डिस्क हातात आली, आता?

पहिलं काम, कन्व्हर्ट करू नका. आधी जशीच्या तशी उतरवा.

घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कवर माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते. ऊन आणि उष्णता त्याचे वैरी. आपल्याकडचा उन्हाळा माहीतच आहे, पत्र्याखालच्या कपाटात तर विचारूच नका. आज वाचते ती डिस्क पुढच्या वर्षी वाचेलच असं नाही.

यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, किंवा कुणाचा जुना लॅपटॉप मागा. छोटी डिस्क असेल तर ट्रे बाहेर येणाराच ड्राइव्ह हवा; फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती घालू नका, अडकते. छोटी डिस्क संगणकाला रिकामी दिसली तर घाबरू नका आणि फेकू नका. हँडीकॅममध्ये रेकॉर्डिंगनंतर डिस्क ‘फायनलाइज’ करावी लागायची. ते राहिलं असेल तर तोच कॅमेरा शोधून त्यात ते करता येतं.

मग मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर वापरा. ते चित्राला हात लावत नाही, फक्त डिस्कमधून काढून फाइलमध्ये ठेवतं. साध्या डीव्हीडीची जागा ४.७ जीबी, तेवढ्यात काम होतं. डिस्कवर ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यू हे फुकट साधन खराब जागा परत परत वाचून जेवढं मिळेल तेवढं वाचवतं. ही फाइल तुमची मूळ प्रत. तिच्या दोन नकला दोन जागी ठेवा. पुढे काहीही चुकलं तरी इथे परत येता येईल.

बाजारातल्या सिनेमाच्या डिस्कला कुलूप असतं. ते तोडून सिनेमा वाटणं कायद्यात बसत नाही. आपण घरच्या डिस्कबद्दल बोलतोय.

(१६:००) कोणता वेग, ओळखायचं कसं

मूळ फाइल व्हीएलसीमध्ये उघडा आणि डिइंटरलेस बंद करा. वेगवान हालचालीच्या जागी जा. वरातीतला नाच किंवा अक्षता टाकतानाचे हात उत्तम. थांबवा आणि कीबोर्डवरचं ‘ई’ दाबत जा. एकेक फ्रेम पुढे सरकते. आता दात बघा.

हालचालीच्या प्रत्येक फ्रेमला दात दिसले, तर तो खरा व्हिडिओ कॅमेरा आहे. लग्नाच्या बहुतेक डिस्क अशाच.

तीन फ्रेम स्वच्छ, दोन दातांच्या, परत तीन स्वच्छ, असा पाचाचा ठेका दिसला, तर तो २४ चा सिनेमा टेलिसिने करून बसवलाय.

दात कुठेच नाहीत, तर काही सोडवायचं नाही. फोटोंची स्लाइड असेल किंवा पाल डीव्हीडीवरचा सिनेमा.

दात नाहीत, पण एका हाताच्या जागी दोन फिकट हात दिसताहेत, तर कुणीतरी आधीच एका वेगातून दुसऱ्या वेगात चित्रं मिसळून टाकलीत. याला फारसा इलाज नाही. जमलं तर त्याच्या आधीची डिस्क किंवा टेप शोधा.

एकाच जागी बघून थांबू नका. सुरुवात, मध्य, शेवट आणि गाण्याची जागा, चारही ठिकाणी तपासा. मिसळण मध्येच लपलेली असते.

(१८:३०) हँडब्रेकमध्ये काय निवडायचं

हँडब्रेक फुकट आहे. संगणकावर चालतं, फोनवर नाही. फिल्टर्स आणि व्हिडिओ या दोन पानांवरच आपलं काम आहे.

लग्नाच्या पाल डिस्कला फिल्टर्समध्ये डिइंटरलेसखाली बीडब्ल्यूडीआयएफ घ्या आणि प्रीसेट ‘बॉब’. बॉब प्रत्येक अर्ध्या चित्रातून एक पूर्ण चित्र तयार करतो, म्हणून ५० अर्ध्यांची ५० पूर्ण चित्रं मिळतात. मग व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट ५० आणि ‘कॉन्स्टंट’. बरेच जण इथे २५ निवडतात. दात जातात खरे, पण अर्धी हालचालही जाते आणि नाच अडखळत दिसतो.

अमेरिकेच्या हँडीकॅमच्या डिस्कला हेच करायचं, फक्त फ्रेम रेट ५९.९४.

एनटीएससीतला सिनेमा, ज्यात २४ आणि ३० मिसळलेत, त्याला डिटेलिसिने चालू करा, डीकोंब नेहमीच्या सेटिंगवर ठेवा, फ्रेम रेट ‘सेम ॲज सोर्स’ आणि ‘व्हेरिएबल’. डीकोंब फक्त दात दिसणाऱ्या फ्रेमलाच हात लावतो. व्हेरिएबल म्हणजे २४ चा भाग २४ च्या जवळ राहतो, ३० चा ३० च्या जवळ. प्रत्येकाला त्याचा वेग परत मिळतो.

व्हेरिएबलची एक अडचण आहे. नुसतं बघायला ती फाइल छान, पण एडिटिंग ॲपमध्ये टाकली की काही ॲप वेग एकच धरून चालतात आणि आवाज घसरतो. कापाकापी करायची असेल तर कॉन्स्टंट घ्या.

(२१:००) “पण माझा फोन तर साठचा आहे”

हा प्रश्न येणारच. स्क्रीन ६० हर्ट्झची आहे, मग सगळंच ६० करून टाकू का? नको. फोन ते काम स्वतः करतो. २५ ची फाइल आली तर तो कुठली फ्रेम दोनदा, कुठली तीनदा दाखवून ६० भरून काढतो. ते फक्त दाखवण्यापुरतं असतं, फाइल तशीच राहते. तुम्ही ते फाइलमध्ये भाजलंत तर ते कायमचं झालं.

शाळेतला लसावि आठवा. २४ आणि ३० चा लसावि १२०. म्हणून १२० हर्ट्झच्या फोनवर दोन्ही वेग समान भागात बसतात, प्रत्येक फ्रेम पाचदा किंवा चारदा. २५ मात्र १२० मध्ये बसत नाही. उद्या वेगळ्या स्क्रीनचे फोन येतील, तेव्हा ते कदाचित बसेल. स्क्रीन बदलत राहतील. म्हणून फाइलमध्ये मूळ वेगच ठेवा.

आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या व्हिडिओला मूळ प्रत समजू नका. तिकडे तो परत दाबला जातो. नातेवाइकांना पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

(२३:१०) दोन्ही एकाच फाइलमध्ये हवेत?

आजीला रिमोट एकदाच दाबायचा असतो, हे मान्य. आधी दोन्ही डिस्कच्या वेगळ्या फाइल करा, एक ५० ची, एक ५९.९४ ची. त्या जपून ठेवा. मग जोडायची ती तिसरी फाइल.

ज्याचा भाग मोठा त्याचा वेग धरा. आमच्याकडे लग्न तीन तासांचं, आबाजी वीस मिनिटांचे, म्हणून ५०. इथे ६० चे ५० करताना सहापैकी एक चित्र जातंच. ३० चे २५ करतानाही सहापैकी एकच जातं. पण तिथे गेलेलं चित्र सेकंदाच्या तिसाव्या भागाचं असतं, इथे साठाव्या भागाचं. झटका निम्मा होतो. म्हणून आधी अर्ध्यांची पूर्ण चित्रं करायची, मग वेग बदलायचा, हा क्रम उलटा करू नका. आवाजाला हात लावायचा नाही.

(२४:४०) शेवट

आमची छोटी डिस्क आजीच्या पेटीत सापडली, जुन्या पासबुकात. डीडीरेस्क्यूनं रात्रभर घासून बरीचशी काढली, शेवटची काही मिनिटं मात्र गेली ती गेलीच. जोडलेली फाइल आजीसाठी ठेवली, पण आबाजींचा तुकडा तिला आधी वेगळा, ५९.९४ वर दाखवला.

आबाजी फेटा बांधत होते. डावा हात कपाळावर, उजव्या हातानं कापड फिरवत, मध्येच मांडववाल्याकडे बघून हसत. थरथर नव्हती. आजी काही बोलली नाही, परत लाव म्हणाली. तिसऱ्यांदा लावल्यावर म्हणाली, “हाव. ह्या हातानं असाच पीळ देत व्हते.” तो पीळ एका सेकंदाहून कमी वेळात होतो. दुकानाच्या फाइलमध्ये तो दिसतच नव्हता.

तर मंडळी, डिस्क शोधा, कन्व्हर्ट करायच्या आधी उतरवून घ्या, आणि दुकानात द्यायची असेल तर मूळ डिस्क परत मागून आणा. फाइल करताना कुठे अडलात तर दात दिसणाऱ्या फ्रेमचा स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू. भेटू.